शनीच्या ताटातला बटवा

घोडेगावाहून आत वळून मोटार शनिशिंगणापूरच्या वाटेला लागली, की दोन्ही अंगांना पूजेच्या ताटांची दुकाने सुरू होतात. आम्ही गेलो तो नेमका शनिवार. गर्दी म्हणजे काय ते त्या दिवशी कळले! आमच्या सासूबाईंचे माहेर नेवासे तालुक्यातले. त्यांना या गर्दीचे अप्रूप नव्हते. दुकानदाराने पुढे केलेले ताट त्यांनी हातात घेतले, चष्मा वर सरकवला आणि भाजी निवडावी तसे त्यातले एकेक जिन्नस बोटाने बाजूला करून पाहिले. तेलाची बाटली, रुईच्या पानांची माळ, काळे उडीद, काळे तीळ, एक बिब्बा, काळी बाहुली आणि घोड्याची नाल.

"अगं, बाहुली आणि नाल सोडली, तर हे सगळं आमच्या आजीच्या बटव्यातलं सामान," त्या म्हणाल्या.

मी मराठी शिकवते. वैद्यकाशी माझा संबंध रुग्ण म्हणूनच काय तो. पण त्या वाक्याने माझ्या मनात घर केले. परतीच्या वाटेवर एकेका जिनसाबद्दल मी त्यांना विचारीत राहिले, आणि पुढे काही दिवस पुस्तके चाळली. त्यातून जे हाती लागले ते दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवते. दिवाळीत फराळाने पोटे बिघडतात, पहाटेच्या गार हवेने खोकले सुरू होतात आणि प्रत्येक घरात कोणी ना कोणी औषध सुचवायला तयारच असते. तेव्हा विषय अवेळी नाही.

प्रथम तेल. तिळाच्या तेलाने गुडघे चोळले की बरे वाटते, याला शास्त्राधार शोधायची गरज नाही. ऊब आणि चोळणाऱ्याचा हात दोन्ही गुणकारी. प्रश्न येतो तो तेलाच्या शुद्धतेचा. शिंगणापूरच्या देवस्थानाने २०२५ च्या मार्चपासून असा नियम केला, की शिळेवर चांगल्या प्रतीचे, छापाचे तेलच वाहायचे. भेसळीच्या तेलाने शिळेची झीज होते, ही काळजी त्यामागे होती. देवाच्या पाषाणाची जी काळजी घेतली जाते, ती आपण आपल्या कातडीची घेतो का? १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले, माणसांच्या अंगावर सूज चढली आणि साठांहून अधिक लोक दगावले. हा पिवळा धोत्रा आपल्याकडेही पडीक रानात मुबलक उगवतो. सुटे, बिननावाचे तेल 'घाण्याचे' म्हणून कौतुकाने आणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

मग रुई. पानाला तेल लावायचे, तव्यावर शेकायचे आणि दुखऱ्या सांध्यावर बांधायचे. महाराष्ट्रात हे न केलेले घर विरळा. यात गैर काही नाही. मात्र पान तोडताना देठातून जो पांढरा चीक येतो, तो डोळ्यांत गेला तर बुबुळाला इजा करतो. फसवी गोष्ट अशी, की पुष्कळदा सुरुवातीला फारसे दुखतही नाही. माणूस डोळा चोळून कामाला लागतो आणि दुसऱ्या दिवशी धूसर दिसू लागते. शनिवारी मारुतीसाठी माळा ओवायला मुले आनंदाने बसतात. त्यांना साबणाने हात धुवायला लावल्याखेरीज उठू देऊ नये. चीक डोळ्यांत गेलाच, तर भरपूर पाण्याने डोळा धुऊन तडक डोळ्यांचा डॉक्टर गाठावा.

उडदांबद्दल थोडक्यात सांगते. संस्कृतात उडदाला माष म्हणतात, आणि आखडलेल्या सांध्यांसाठी आयुर्वेदात महामाष तेल प्रसिद्ध आहे. थंडीतले उडदाचे लाडू तर सर्वांच्याच परिचयाचे. पचले तर उत्तम!

बिब्ब्याची गोष्ट मात्र बैजवार सांगण्यासारखी आहे. सासूबाईंच्या लहानपणी अनवाणी चालून पायात काटा मोडला, टाचेला भेग पडली, की त्यांची आजी बिब्बा दिव्यावर धरी. सुईच्या टोकाने त्याचे तेल थेंबभर घेई आणि नेमके त्या जागी टेकवी. रेसभरही इकडेतिकडे नाही. कारण बिब्बा उततो. हा 'उतणे' शब्द शहरातल्या माझ्या विद्यार्थ्यांना दूध उतू जाण्यापलीकडे ठाऊक नाही. बिब्बा उतला म्हणजे कातडीवर फोड येतात, आग होते आणि कधी अंगभर सूज चढते. पूर्वी धोबी याच काळ्या रसाने कपड्यांवर खुणा घालीत, आणि त्या खुणेखालची मानेची कातडी खाजून लाल झालेली पाहून साहेब लोकांच्या डॉक्टरांनी त्या विकाराला धोब्याचेच नाव दिले होते. आणि गंमत पाहा, याच बिब्ब्याच्या आतला गर म्हणजे गोडंबी. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत आपण हौसेने घालतो तीच! एकाच फळात वरती आग आणि आत पौष्टिक खाऊ.

"मग तुमची आजी कुणालाही बिब्बा लावायची का हो, आई?" मी विचारले.

"छे गं! कुणाला उततो ते तिला ठाऊक असायचं. आमच्या धाकट्या काकूला तर ती बिब्ब्याच्या वाऱ्यालाही उभी करीत नसे."

मला वाटते, बटव्यातले खरे औषध इथे होते. घरातल्या वीस माणसांच्या प्रकृती त्या म्हातारीला तोंडपाठ होत्या. बाळगुटी उगाळतानाही हेच. सहाणेवर हरड्याचे चार वेढे, जायफळाचा जेमतेम एक, मुरडशेंगेचे दोन. पोट बिघडले असेल तर हिशोब निराळा. 'वेढा' हे तिचे माप होते. जायफळ जास्त झाले तर मूल सुस्त पडते, हे तिला अनुभवाने कळले होते. पिढ्या बदलल्या, सामान शहरात आले, पुड्यांतून आणि बाटल्यांतून आले, आता मोबाईलवरच्या निरोपांतून येते. माप आणि माणसाची ओळख मात्र मागेच राहिली. (गुटी मधात उगाळून देण्याची चाल अजून आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. मधातल्या जंतूंच्या बीजांपासून तान्ह्या पोटात विष तयार होऊ शकते. हे आजीला ठाऊक नव्हते, आपल्याला आहे.)

शिंगणापूरच्या घरांना दारे नाहीत, हे सर्वश्रुत आहे. २०११ साली एका बँकेने तिथे कुलपाविना शाखा उघडली तेव्हा वर्तमानपत्रांत केवढी चर्चा झाली! आजचा औषधी बटवाही असाच बिनदाराचा झाला आहे. कोणीही यावे, काहीही घ्यावे. आजीच्या बटव्याला निदान नाडी होती आणि ती नाडी तिच्या हातात होती.

करोनाच्या साथीत याचा प्रत्यय आला. २०२० साली घरोघर काढे उकळू लागले. सुंठ, मिरी, दालचिनी, तुळस इथपर्यंत बाधण्यासारखे फारसे नव्हते. पण पुष्कळांनी गुळवेल सुरू केली, आणि दोनचार दिवस नव्हे तर महिनोन्‌महिने रोज घेतली. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. गुळवेल घेत असताना त्यांना कावीळ होऊन यकृताला सूज आली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल, असे त्यांचे म्हणणे. वाद तज्ज्ञांचा आहे. पण माझ्यासारख्या सामान्य गृहिणीला दोन्ही बाजूंनी बोध एकच मिळतो : गच्चीवरची वेल कोणती आहे हे आपल्याला ओळखता येत नाही, आणि ओळखता आली तरी किती दिवस घ्यावी हे ठाऊक नसते.

याचा अर्थ मी काढ्यांच्या विरुद्ध आहे असा कोणी करू नये. आमच्या घरी खोकल्याला अडुळसा चालतो. अडुळशाच्या पानांतल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध घडवले गेले, तेव्हा डॉक्टरच्या बाटलीतही अडुळशाचे गोत्र आहे. ओव्यात थायमॉल असते, आणि दाढदुखीला लवंग धरणारी आजी व लवंगेच्या तेलातले युजेनॉल वापरणारा दंतवैद्य यांच्यात भांडणाचे कारणच नाही. हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत १९९५ साली चक्क पेटंट दिले गेले. तेव्हा आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, तिचे प्रमुख गोव्याच्या माशेलचे रघुनाथ माशेलकर असताना, जुने ग्रंथ पुढे करून ते १९९७ साली रद्द करविले. जुन्या पोथ्या अशाही कामाला येतात, हे आम्हा भाषेच्या प्राध्यापकांना सुखावणारे आहे.

परतीच्या वाटेवर सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी वीस वर्षांत कधी ऐकली नव्हती.

साल १९५७ किंवा ५८ असावे. ज्वारीची काढणी चालू होती. त्यांच्या चुलतभावाला, बारा वर्षांच्या पोराला, पेंढी उचलताना साप चावला. या भागात जुनी समजूत आहे, की साप चावलेल्याला शनीपुढे आणून ठेवले की तो उतरतो. ती मंडळी मात्र शिंगणापूरला गेली नाहीत. जवळच्याच एका गावी पाला देणारा माणूस होता, त्याच्याकडे नेले. त्याने पाला चघळायला दिला, कडू लागतो का विचारले, मंत्र घातला. पूर्वी त्याच माणसाने याच घरातल्या दोघांना 'उतरवले' होते, म्हणून कोणाला शंका आली नाही. मुलाच्या पापण्या जड होऊ लागल्या तेव्हा लोक म्हणाले, झोप येते आहे, येऊ द्या. दिवेलागणीच्या सुमारास सारे संपले.

"त्या आधीच्या दोघांना कसं बरं वाटलं होतं, ते मला आजवर कळलं नाही," सासूबाई म्हणाल्या.

त्याचे उत्तर साधे आहे, आणि म्हणूनच ते जीवघेणे आहे. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. विषारी साप चावला तरी दरवेळी तो विष सोडतोच असे नाही. अशा वेळी पाला दिला काय किंवा नुसते पाणी दिले काय, माणूस उठून बसतो आणि यश पाल्याला मिळते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांनी विष भरले, तर आजवर एकाच औषधाने माणसे वाचली आहेत : घोड्यांच्या रक्तातून तयार केलेली प्रतिविषाची लस, जी मुंबईत परळच्या हाफकिनमध्येही बनत आली. पापण्या जड होणे ही झोप नव्हती. नागाच्या किंवा मण्यारीच्या विषाची ती पहिली खूण असते. एका मोठ्या पाहणीच्या अंदाजाप्रमाणे २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात बारा लाखांच्या आसपास माणसे सर्पदंशाने गेली.

आता याच विषयातला एक विलक्षण योगायोग सांगते. सर्पगंधा हे नावच सांगते की ही मुळी सापावर वापरीत. सापाच्या विषावर तिचा उपयोग नाही. पण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रोग्यांना देऊन पाहिली आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध लिहिला. जगाचे लक्ष वेधले गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या रसायनतज्ज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले, आणि १९५७ साली वकिलांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. पुढे मन उदास करण्याचा तिचा दोष ध्यानात आला, नवी औषधे आली आणि ती मागे पडली.

दुसरी बाजू विंचवाची. महाडजवळच्या बिरवाडीला काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर लाल विंचवाच्या दंशाने दगावणारी मुले रात्ररात्र पाहत बसत. फुप्फुसात पाणी होऊन ती जात. त्या विषावर प्राझोसिन चालेल, असे त्यांनी ताडले, आणि हे प्राझोसिन म्हणजे रक्तदाबाचेच औषध! १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा लेख आला. गंभीर दंशात पूर्वी शंभरात तीस-चाळीस रोगी जात. ते प्रमाण एक-दोनवर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सापाची म्हणून ओळखली जाणारी मुळी रक्तदाबाला लागू पडली, आणि रक्तदाबाची गोळी विंचवाला. दोन्ही ठिकाणी कोणीतरी रोग्यापाशी बसून, मोजून, लिहून ठेवले म्हणून हे कळले. बिब्ब्याचा थेंब मोजणारी ती आजी मला या दोघांच्या जवळची वाटते. फरक एवढाच, की तिने लिहून ठेवले नाही.

घरी आल्यावर शनीच्या ताटातले जे प्रसाद म्हणून परत मिळाले होते, ते सासूबाईंनी लावून ठेवले. तेल गुडघ्यांसाठी, उडीद डब्यात. बिब्बा मी मुलांचे हात पोचणार नाहीत अशा फडताळात टाकला. दुसऱ्या दिवशी त्यांचा बटवा उघडून पाहिला. सुंठ, ओवा, लवंग, हळकुंड, वेखंडाचा तुकडा, जायफळ. आणि तळाशी वहीच्या कागदाची घडी. वरती त्यांच्या थरथरत्या अक्षरात नातवंडांची नावे आणि कोणाला काय बाधते ते लिहिलेले. थोरल्याला शेंगदाणा, धाकटीला पेनिसिलीन. त्याखाली मोठ्या अक्षरात एकच ओळ : 'साप, विंचू : पाला नाही. १०८ ला फोन.'