जुना कागद हरवत नाही, त्याचं खातं बदलतं

बेळगाव : खानापूर तालुक्यात १९५१ साली मराठी बोलणारे किती होते आणि दहा वर्षांनी किती, एवढा साधा प्रश्न घेऊन एखादा विद्यार्थी कामाला लागतो. मोबाईलवर शोधतो, अर्धवट पीडीएफ मिळते, नेमकं हवं ते पान त्यात नसतं. आठवडा जातो. मग कुणीतरी सांगतं, "अरे, लायब्ररीत जाऊन विचार की." तिथले ग्रंथपाल उत्तर देण्याआधी उलट विचारतात : कुठल्या सालचं पाहिजे, आणि कुठल्या सरकारनं छापलेलं?

सीमाभागात हा दुसरा प्रश्नच सगळ्यात महत्त्वाचा. १९५१ ची जनगणना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे त्या वेळची जिल्हा पुस्तिका मुंबईच्या प्रकाशनांत लागते. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, म्हणून १९६१ ची म्हैसूरच्या नावाखाली. १९७३ मध्ये राज्याचं नाव कर्नाटक झालं, की १९८१ ची तिसऱ्याच कपाटात. जिल्हा जागचा हलला नाही, कपाटं मात्र तीन झाली. हिशेब लिहिणाऱ्यांना हे लगेच कळेल. खतावणी चुकून दुसऱ्या खात्यात झाली तर रक्कम बुडालेली नसते, पण शोधणाऱ्याला ती बुडाल्यासारखीच.

हद्दींचा घोळ वेगळाच. चंदगड तालुका आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे, पण १९५६ पर्यंत तो बेळगाव जिल्ह्यात होता. चंदगडचे १९५१ चे आकडे कोल्हापूरच्या पुस्तिकेत शोधणारा रिकाम्या हातानं परत येणार. शहापूर आज बेळगाव शहराचाच भाग, पण संस्थानं विलीन होईपर्यंत ते सांगली संस्थानात होतं. पणजोबांच्या काळातला शहापूरचा कागद हवा असेल तर आधी सांगली संस्थानचं दप्तर कुठे आहे ते विचारावं लागतं. कॉम्प्युटर हे आपणहून सांगत नाही. तुम्ही जे टाईप केलं तेवढंच तो शोधतो.

नावाचंही तेच. शहराचं अधिकृत नाव २०१४ मध्ये बेळगावी झालं. त्याआधीची दीडशे वर्षांची इंग्रजी छापील सामग्री, १८८४ चं बेळगाव गॅझेटियर धरून, जुन्या स्पेलिंगखाली नोंदलेली आहे. नवं स्पेलिंग टाकून 'काहीच सापडत नाही' म्हणणारे कमी नाहीत.

प्रबंधांसाठीही असंच फिरावं लागतं. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चं. त्याआधी इथली कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती आणि त्याच्याही आधी मुंबई विद्यापीठाला. 'शोधगंगा'वर अलीकडचे प्रबंध मिळतात, पण टाईपरायटरवर केलेले जुने प्रबंध बऱ्याचदा विद्यापीठाच्या ग्रंथालयातच बसून पाहावे लागतात. आपले ग्रंथपाल तिथल्या ग्रंथपालांना एक फोन किंवा पत्र करतात, तेव्हा निदान प्रत आहे की नाही हे तरी प्रवासाआधी कळतं.

जुन्या मराठी पुस्तकांसाठी अनुभवी ग्रंथपाल आधी शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' उघडतात. १८०० ते १९५० या काळातल्या मराठी पुस्तकांची नोंद तिच्या दोन खंडांत आहे. पुस्तक मिळो न मिळो, ते खरंच निघालं होतं का, कुणी काढलं, कुठल्या साली, हे पक्कं होतं. तेवढ्यावर अर्धं काम होतं. पुस्तक १९५४ नंतरचं असेल तर शोधाची दिशा बदलते, कारण त्या वर्षीच्या कायद्यानं प्रकाशकांना कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी काही ठरावीक ग्रंथालयांना प्रत देणं बंधनकारक केलं. मुंबईत ती एशियाटिक सोसायटीच्या इमारतीतल्या मध्यवर्ती ग्रंथालयाकडे जाते. सगळे प्रकाशक प्रती पाठवतातच असं नाही, हेही ग्रंथपालांनाच ठाऊक असतं.

कधी कधी 'नाही' हेच उत्तर असतं, आणि तेही मोलाचं. १९४१ च्या जनगणनेचे बहुतेक तपशीलवार तक्ते युद्धामुळे छापलेच गेले नाहीत, भाषेचे तक्तेही त्यात आले. हे आधी कुणी सांगितलं तर माणूस महिनाभर नसलेल्या पुस्तकामागे धावत नाही.

अडचण अशी की असं सांगणारा माणूसच कमी होत चाललाय. ग्रंथपाल निवृत्त होतात, जागा रिकामी राहते आणि किल्ल्या कारकुनाकडे जातात. कारकून कपाट उघडून देतो, पण मागच्या खोलीतल्या कुठल्या गठ्ठ्यात काय आहे ते रजिस्टरात नसतं. ते गेलेल्या माणसाच्या डोक्यात होतं. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि दोन्हीकडची माणसं जुन्या आकड्यांवर भांडतात. ते आकडे कुठल्या पानावर आहेत हे दाखवू शकणाऱ्याची जागा मात्र भरली जात नाही.

ज्यांना शोध घ्यायचाय त्यांनी जाताना साल, गाव, तालुका आणि त्या काळचं राज्य किंवा संस्थान एका कागदावर लिहून न्यावं. आधी कुठे कुठे शोधलं तेही लिहावं, म्हणजे ग्रंथपालांना तिथून पुढे सुरुवात करता येते. आणि जमल्यास सकाळी जावं. जुनी कपाटं संध्याकाळच्या गर्दीत कुणी उघडून देत नाही.