नाडी, घुंडी, काज आणि हुक : कपड्याचं तोंड उघडायचं कुठे आणि बांधायचं कसं?

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की बटणांवर तासभर काय बोलणार? पण सकाळी घरातून बाहेर पडण्याआधी आपण किती गोष्टी बांधल्या, अडकवल्या, खेचल्या याची नुसती मोजणी करा. परकराची नाडी, ब्लाउजचे हुक, शर्टाची सहा-सात बटणं, पॅन्टची चेन, पदराची पिन. यातली एकही गोष्ट जागची हलली तर सगळा दिवस तिच्याकडे लक्ष ठेवण्यात जातो. आणि यातलं काही चुकीच्या जागी वर्षानुवर्षं आवळलं गेलं तर काय होतं, हेही आज आपण पाहणार आहोत.

सुरुवात अगदी मुळापासून करू. कपड्याला उघडं तोंड लागतंच कशाला? कारण आपलं अंग एकसारखं नाही. डोकं मोठं, मान बारीक. नितंब रुंद, कंबर अरुंद. विणलेलं सुती कापड फारसं ताणत नाही. म्हणजे जो कपडा मानेला बसतो तो डोक्यातून जात नाही, आणि जो डोक्यातून जातो तो मानेला बसत नाही. या भांडणात तोडगा म्हणून आपण कापडाला चीर देतो.

ही चीर किती लांब हवी, याचं साधं गणित आहे. चिरेला दोन कडा असतात, म्हणून चीर जेवढी, त्याच्या दुप्पट घेर वाढतो. समजा गळ्याचा घेर ४० सेंमी आहे आणि डोक्याचा ५६. फरक १६, त्याचा निम्मा ८. कानाला घासू नये म्हणून एक-दोन सेंमी जास्त. म्हणजे ९-१० सेंमीची चीर झाली की झालं. कमरेचं मात्र थोडं वेगळं. अंगाबरोबर बसणाऱ्या स्कर्टला नुसता घेर वाढवून भागत नाही. चीर नितंबाच्या रुंद भागाजवळ पोचावी लागते, नाहीतर कपडा मध्येच अडतो. म्हणून तिथे १८ ते २० सेंमीची चेन लावतात.

आणि एक लक्षात ठेवा : कपडा फाटतो तो बहुतेक वेळा चिरेच्या टोकाशी. सगळा ताण त्या एका बिंदूवर येतो. तिथे मागून छोटी पट्टी आणि आडवे घट्ट टाके हवेतच.

आता चीर दिली. ती बंद कशाने करायची? इथे आपण चार प्रश्न विचारू. ताण कोणत्या दिशेने येतो? माप किती बदलतं? ते अंगाला कुठे टोचतं? आणि सगळ्यात महत्त्वाचा, ते कोणाच्या हाताने लावायचं आहे?

आपल्याकडच्या जुन्या कपड्यांनी या प्रश्नांची उत्तरं फार शहाणपणाने दिली होती. बाराबंदी घ्या. नावातच बंद आहेत. पुढची एक बाजू दुसरीवर येते आणि कापडाचे बंद बांधून अंगरखा बसतो. सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत पांढरी बाराबंदी घातलेले भाविक आजही दिसतात. बंदाचा फायदा काय? माणूस जाड झाला, बारीक झाला, आत जाड कपडा घातला, तरी गाठ जरा मागेपुढे सरकवली की काम झालं. बटणाला जागा एकच असते, बंदाला नसते. बंद तुटला तर चिंधीतून नवा शिवता येतो.

अंगरखा कोणत्या बाजूला बांधायचा, यालाही अर्थ होता. मुघलकालीन चित्रांत जामा डावीकडे बांधला आहे की उजवीकडे, यावरून चित्रातली व्यक्ती हिंदू की मुसलमान हे अभ्यासक ओळखतात. म्हणजे एवढासा बंद माणसाची ओळखही सांगत होता.

दुसरं उदाहरण गाठीच्या चोळीचं. गुळेदगुड्डचा खण, त्याची चोळी, आणि पुढची दोन टोकं छातीखाली एकमेकांत गाठलेली. बटण नाही, हुक नाही. गरोदरपणात अंग भरलं तरी तीच चोळी चालते. बाळाला पाजायचं तर एक गाठ सोडायची. ती समोर आहे, स्वतःच्या डोळ्यांसमोर आणि स्वतःच्या हातात. याच्या शेजारी आजचा मागून हुक असलेला ब्लाउज ठेवून बघा. दिसायला सुरेख, पण घालायला दुसऱ्याचा हात लागतो. आणि अंगावर पिणारं मूल असेल तर तो जवळजवळ निरुपयोगी.

तिसरी घुंडी. कापडाच्या किंवा दोऱ्याच्या पट्टीची गोल गाठ आणि तिला अडकवायला फासा. ही बटणाचीच मऊ बहीण म्हणा. इस्तरीत तुटत नाही, झोपल्यावर टोचत नाही.

गाठीबद्दल बोलतोय तर मराठीतले दोन सुंदर शब्द सांगायलाच हवेत : सुरगाठ आणि निरगाठ. सुरगाठ एक टोक ओढलं की सुटते. निरगाठ ओढली की आणखी आवळते. कपड्याला कुठे कोणती, हा रचनेचाच निर्णय आहे. बाळाच्या अंगड्याला, झबल्याला सुरगाठच हवी. बाळाच्या कपड्याला आजीबाई बटणाऐवजी बंद लावत, त्यामागे कारण आहे : सुटलेलं बटण थेट तोंडात जातं. पण बंदही आखूड हवेत. युरोपात मुलांच्या कपड्यांसाठी जो सुरक्षेचा दंडक आहे, त्यात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्याला गळ्याशी किंवा टोपीला ओढायची दोरी चालत नाही. ती घसरगुंडीत अडकते आणि गळा आवळते. कुंची-टोपडं शिवताना आपणही हे पाळू या.

आता बटणाकडे येऊ. बटणाचा हिशेब दुकानात 'लाइन'मध्ये करतात. एक लाइन म्हणजे इंचाचा चाळिसावा भाग. शर्टाचं बटण साधारण १८ लाइनचं, म्हणजे सुमारे साडेअकरा मिलिमीटर. काज किती लांब? बटणाचा व्यास अधिक बटणाची जाडी. चपट्या बटणाला कमी, घुमटासारख्या बटणाला जास्त. आधी फालतू कापडावर एक काज करून बघायचं, मगच कपड्यावर.

काज आडवं की उभं? बटण ताणाच्या दिशेने काजाच्या टोकापर्यंत सरकतं. काज आडवं असेल तर आडवा ताण आला की बटण टोकाशी जाऊन अडतं आणि तिथेच थांबतं. काज उभं असेल तर त्याच ताणाने काजाचं तोंड मधोमध उघडतं आणि बटण निसटू शकतं. मग शर्टाची काजं उभी का? कारण पट्टी अरुंद असते आणि सैल शर्टाला समोर फारसा ताण नसतो. पण कॉलरच्या पट्टीवरचं काज बघा, ते आडवं असतं. मान वळते, ताण येतो.

बटण कापडाला घट्ट चिकटवून शिवू नका. मध्ये दोऱ्याचा छोटा देठ ठेवा, वरच्या पट्टीच्या जाडीएवढा. नाहीतर बटण लावलं की आजूबाजूला चुण्या पडतात. आणि बटणांची वाटणी करताना आधी छातीच्या सगळ्यात भरलेल्या रेषेवर एक बटण ठरवा, मग वर-खाली समान अंतर ठेवा. नेमकी तिथेच फट पडते, आणि त्या फटीचा संकोच बायकांना दिवसभर वागवावा लागतो. ब्लाउजला बटणाऐवजी हुक का, याचंही उत्तर इथेच आहे. घट्ट कपड्याला बंद जवळजवळ हवेत आणि चपटे हवेत. हुक दोन्ही करतो.

आता आजच्या विषयातला सगळ्यात गंभीर भाग. परकराची नाडी.

नेफ्यात घातलेली नाडी ही रचना म्हणून अतिशय हुशार आहे. एकच परकर तीन मापांच्या बायकांना होतो. पण तिच्यावर काम किती आहे बघा. साडीच्या निऱ्या, पदर, सगळ्याचं वजन खोचणीतून या नाडीवर येतं. येवल्याची पैठणी असेल तर आणखी जास्त. सगळं घसरू नये म्हणून नाडी आवळायची, आणि तीही निरगाठीने.

हिशेब करू. गोल कमरेभोवती पट्टा आवळला तर त्वचेवरचा दाब म्हणजे ताण भागिले पट्ट्याची रुंदी आणि कमरेची त्रिज्या. समजा ताण एक किलो वजनाएवढा, कमर ८० सेंमी, नाडी अर्धा सेंमी रुंद. कंबर पूर्ण गोल नसते, पण अंदाजासाठी धरू. दाब येतो पाऱ्याच्या सुमारे १२० मिलिमीटरएवढा. आपल्या त्वचेच्या केशवाहिन्यांतला दाब असतो तीसच्या आसपास. म्हणजे त्या जागी रक्त नीट फिरत नाही. आता तोच ताण चार सेंमी रुंद पट्टीवर द्या. दाब आठपट कमी, सुमारे १५. ताकद तीच, साडी तीच, फक्त रुंदी बदलली.

हे गणित कागदावरचं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये बीएमजे केस रिपोर्ट्स या वैद्यकीय नियतकालिकात वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन स्त्रियांची प्रकरणं मांडली. एक सत्तर वर्षांची. तिच्या कुशीत कमरेजवळची जखम दीड वर्ष भरत नव्हती. दुसरी साठीच्या शेवटाला आलेली, चाळीस वर्षं रोज घट्ट लुगडं नेसणारी. तिची जखम दोन वर्षं तशीच. दोघींच्या जखमेत त्वचेचा कर्करोग निघाला. सतत घर्षण, सतत दाब, घाम, त्वचा सोलणं, पुन्हा भरणं, पुन्हा सोलणं, हे वर्षानुवर्षं चालू राहिलं. घाबरवण्यासाठी सांगत नाही. असा कर्करोग क्वचितच होतो. पण कमरेवरचा काळा पट्टा, खाज, सोललेली रेघ आपल्या कितीजणींच्या आई-आजीला आहे? आणि ती कोणी डॉक्टरला दाखवते का? न भरणारी जखम दाखवलीच पाहिजे.

दोष साडीचा नाही, अरुंद बंदाचा आहे. म्हणून उपायही शिवणात आहे. नेफ्याऐवजी चार-पाच सेंमी रुंद, आतून मऊ सुती कमरपट्टी घ्या. पुढे सपाट, मागे थोडं इलास्टिक. बंद करायला दोन-तीन जागी हुकाची आकडी, म्हणजे जेवल्यावर एक घर सैल करता येतं. नाडीच हवी असेल तर दोरीऐवजी चपटी रुंद पट्टी, आणि सुरगाठ. रोज गाठीची जागा बदला, घरी आल्यावर सैल करा. हे आपल्या कोपऱ्यावरचे शिंपीदादा किंवा फॉल-पिको करणाऱ्या ताई सहज करून देतील. फक्त मागायला हवं.

आता चौथा प्रश्न, हात कोणाचा. नाशिकच्या द्राक्षबागांत काम करणाऱ्या बायका साडीवर पुरुषी शर्ट घालतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. का? समोरून पूर्ण उघडतो, पदरावरून चढतो, बाह्या लांब, बटणं समोर. कोणा डिझायनरने सांगितलं नाही, कामानेच निवड केली. आणि मोकळा पदर आत बांधला गेला की तो मळणीयंत्रासारख्या फिरत्या यंत्रात जाण्याचा धोकाही कमी होतो.

संधिवात झालेल्या आजोबांना १८ लाइनचं बटण म्हणजे रोजची परीक्षा. त्यांना २४-२८ लाइनचं बटण आणि जरा सैल काज द्या. मनगटावरचं बटण इलास्टिक दोऱ्याने शिवा, हात न उघडता आत जातो. पक्षाघात झालेल्या माणसाला समोरून उघडणारा सदरा हवा. घालताना आधी दुबळा हात, काढताना तो शेवटी. शर्ट नेहमीसारखाच दिसावा अशी इच्छा असेल तर वरच्या पट्टीवर बटणं नुसती शोभेला शिवा आणि खाली वेल्क्रोचे तुकडे लावा. 'मला कोणी कपडे घालायला नको' हे वाक्य म्हातारपणी फार मोलाचं असतं.

वेल्क्रो हे स्विस अभियंता जॉर्ज द मेस्त्रालचं काम. रानात फिरताना कपड्यांना आणि कुत्र्याला चिकटणारी काटेरी फळं त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, त्यांचे बारीक आकडे दिसले, आणि १९५५ मध्ये त्याला पेटंट मिळालं. लावताना आकड्यांची खरखरीत बाजू अंगाच्या उलट दिशेला हवी. धुताना बंद करा. रेशमी कापडाजवळ नको, धागे ओढले जातात. आजकाल चुंबकी बटणंही मिळतात, पण छातीत पेसमेकर असेल तर ती टाळाच.

चेनचा इतिहास थोडक्यात : १८९३ मध्ये अमेरिकेत व्हिटकोम्ब जडसनचं पेटंट, पण ती चेन मध्येच उघडायची. गिडियन सुंडबॅकने ती सुधारली, १९१७ मध्ये पेटंट घेतलं, तीच आपली आजची चेन. दुकानात तीन नंबर, पाच नंबर म्हणतात, तो मिटलेल्या दातांच्या रुंदीचा अंदाजे मिलिमीटर. बारीक कापडाला तीन, जॅकेटला पाच. आणि टिचबटण? बाळाच्या कपड्यांना, गादीच्या खोळींना उत्तम, पण पातळ कापडाला मागे पट्टी न देता लावलं तर कापडासकट निघतं.

थोडक्यात सांगायचं तर, यापुढे कपडा शिवायला टाकताना गळ्याचा आकार आणि बाहीची लांबी सांगतो तसंच हेही सांगू या : उघडणार कुठून, बांधणार कशाने, आणि ते कोण बांधणार. शिंप्याला हा प्रश्न नवा नाही. आपण विचारलेला मात्र नवा असेल.