छप्पन्न अंशांची बातमी आणि चौकातले मत

३० मे २०२४ रोजी नागपुरातील रामदासपेठेच्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले आणि काही तासांतच तो आकडा वृत्तवाहिन्यांवरून आणि घरोघरच्या व्हॉट्सॲपवरून देशभर पोहोचला. आदल्याच दिवशी दिल्लीतील मुंगेशपूरच्या केंद्राने ५२.९ अंश दाखवलेले असल्यामुळे नव्या उच्चांकाची बातमी स्वीकारायला लोकांची मने तयारच होती. सोनेगाव येथील प्रादेशिक हवामान केंद्राच्या आवारातील स्वयंचलित यंत्रानेही ५४ अंश दाखवले होते, मात्र जिल्ह्यातील अशाच प्रकारच्या इतर दोन केंद्रांवर पारा ४४ अंशांच्या आसपास होता. इलेक्ट्रॉनिक संवेदकात बिघाड झाल्यामुळे हे दोन्ही आकडे ग्राह्य धरू नयेत, असे हवामान विभागाने लगोलग स्पष्ट केले, तसेच मुंगेशपूरचा संवेदकही सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचे तपासणीअंती जाहीर केले. तरीही नागपूरकरांच्या बोलण्यात ‘छप्पन्न’ टिकून राहिले, खुलासा मात्र फारसा कोणाच्या ध्यानात राहिला नाही.

विज्ञानाच्या बातमीविषयी सर्वसामान्यांचे मत कसे घडते, हे पाहण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे. दक्षिण नागपुरातील सक्करदरा हा परिसर घेतला तर एका अंगाला भोसलेकालीन तलाव, दुसऱ्या अंगाला उमरेड मार्गावरील अखंड वाहतूक, जवळच शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आणि भाजीपाल्यासाठी उसळणारा बुधवार बाजार अशी ही मिश्र वस्ती आहे. मे महिन्याच्या दुपारी तोंडाला दुपट्टा बांधून दुचाकी चालवणाऱ्या आणि सिग्नलवर सावली शोधणाऱ्या माणसाला तापमानाविषयी मत असणारच, कारण ते त्याने अंगावर घेतलेले असते. ‘छप्पन्न असेलच, जाणवत होतेच’ हे पानठेल्यावरचे मत अज्ञानातून आलेले आहे असे मानून ते झटकून टाकणे सोपे आहे, पण तसे केल्याने त्या मतातला खरा अंश हातून निसटतो आणि चूक नेमकी कोठे आहे तेही कळत नाही.

आधी आकडाच तपासून पाहिला पाहिजे. नागपूरचे आजवरचे सर्वाधिक अधिकृत तापमान ४७.९ अंश असून ते २३ मे २०१३ रोजी नोंदवले गेले, भारताचा उच्चांक राजस्थानातील फलोदीचा, १९ मे २०१६ चा ५१ अंशांचा आहे, आणि जगाचा उच्चांक अमेरिकेतील डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी नोंदवलेला ५६.७ अंशांचा आहे. रामदासपेठेचा आकडा खरा मानायचा झाल्यास शहराचा उच्चांक एकाच दुपारी ८ अंशांनी, देशाचा ५ अंशांनी मोडला आणि समुद्रसपाटीच्याही खाली असलेल्या त्या वाळवंटी दरीची बरोबरी होण्यास अर्धा-पाऊण अंशच काय तो कमी पडला, असे म्हणावे लागेल. दीर्घकाळ नोंदी ठेवणाऱ्या केंद्रांवरचे उच्चांक सामान्यतः अंशाच्या काही दशांशांनी मोडतात, त्यामुळे ८ अंशांची उडी दिसताच हवेपेक्षा यंत्राविषयी शंका येणे हेच स्वाभाविक आहे. ही शंका घेण्यासाठी हवामानशास्त्राची पदवी लागत नाही, जुने तीन आकडे शेजारी मांडून पाहण्याची सवय पुरते. त्या दिवशी बातमी देणाऱ्यांपैकी अनेकांनी तेवढेही केले नाही, हा दोष वाचकाच्या माथी मारता येणार नाही.

अर्थात अशी चूक विज्ञानाला नवी नाही. लिबियातील अल अझिझिया या ठिकाणी १३ सप्टेंबर १९२२ रोजी नोंदवलेले ५८ अंश तापमान तब्बल नव्वद वर्षे जगाचा उच्चांक म्हणून पाठ्यपुस्तकांतून शिकवले गेले, आणि २०१२ मध्ये जागतिक हवामान संघटनेने जुन्या नोंदवह्या, उपकरणाचा प्रकार आणि आजूबाजूच्या केंद्रांचे आकडे तपासून, नवख्या निरीक्षकाने तापमापक चुकीचा वाचला असावा या निष्कर्षावर येऊन तो उच्चांक रद्द केला. ‘शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्या दुसरे’ ही तक्रार विज्ञानाच्या बातम्यांबाबत नेहमी ऐकू येते, पण नव्वद वर्षांचा मान्य आकडा पुराव्याच्या बळावर खाली उतरवण्याची तयारी असणे, हेच या ज्ञानपद्धतीवर विश्वास ठेवण्याचे सर्वांत भक्कम कारण आहे.

आता मोजणी कशी होते ते पाहू. हवामानशास्त्रात ‘तापमान’ याचा अर्थ सावलीतील, मोकळ्या वाऱ्यातील हवेचे तापमान असा आहे, उन्हात ठेवलेल्या वस्तूचे नव्हे. त्यासाठी तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झडपांच्या दुहेरी भिंती असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवला जातो. दीपगृहे बांधणारे स्कॉटिश अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांनी एकोणिसाव्या शतकात ही पेटी तयार केली, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. झडपांतून वारा आत येतो पण ऊन येत नाही, आणि आपल्या गोलार्धात सूर्य बहुतांश काळ दक्षिणेकडे असल्यामुळे पेटीचे दार उत्तरेकडे उघडते, जेणेकरून नोंद घेताना तापमापकावर थेट किरण पडू नयेत. कमाल तापमान मोजणाऱ्या तापमापकाच्या नळीत, डॉक्टरांच्या जुन्या तापमापकात असते तशी, एक चिंचोळी जागा असते. पारा चढताना तिच्यातून पुढे जातो पण उतरताना तेथेच अडतो, त्यामुळे दुपारचा उच्चांक संध्याकाळीही वाचता येतो.

स्वयंचलित केंद्रात पाऱ्याऐवजी विद्युतरोध मोजला जातो. धातू तापला की त्यातून वीज वाहण्यास होणारा अडथळा, म्हणजेच रोध, ठरावीक प्रमाणात वाढतो, या नियमावर हे संवेदक चालतात. त्यांपैकी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका प्लॅटिनमच्या संवेदकाचा रोध शून्य अंशाला १०० ओहम असतो आणि दर अंशामागे तो सुमारे ०.३८५ ओहमने वाढतो. हिशेब केला तर लक्षात येते की अशा संवेदकाच्या जोडणीत गंज, सैल पेच किंवा खराब तार यांमुळे साडेचार ओहमचा जादा रोध शिरला आणि त्याची भरपाई करणारी व्यवस्था नसली, तर यंत्र १२ अंश वाढवून सांगेल. नागपुरातील यंत्रात नेमका हाच बिघाड झाला असे येथे सुचवायचे नाही, परंतु ४४ आणि ५६ यांच्यातील दरी केवढ्या सूक्ष्म कारणाने पडू शकते, ते यावरून समजते. शिवाय स्वयंचलित केंद्राची नोंद माणसाच्या नजरेखालून जाण्याआधीच सार्वजनिक होऊ शकते. ही कच्ची नोंद आणि तपासून मान्य केलेली नोंद यांतील फरक सर्वसामान्य वाचकाला कोणी सांगितलेला नसतो. तो आकड्याशेजारीच ठळकपणे लिहिण्याची जबाबदारी हवामान विभागाची आहे, आणि ती पार पाडली गेली तर नंतरच्या खुलाशाची वेळच अनेकदा येणार नाही.

मग सक्करदरा चौकातल्या माणसाला जे जाणवले, ते खोटे होते काय? मुळीच नाही, आणि या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची बाब हीच आहे. चौकात उभ्या असलेल्या माणसावर वरून ऊन पडते, खालून सिमेंटच्या रस्त्याची धग येते, बाजूने भिंती आणि वाहनांची इंजिने उष्णता फेकतात. मे महिन्यातील दुपारी रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही पुढे जातो, आणि उपग्रहांवरून मोजले जाते ते बहुधा या पृष्ठभागाचेच तापमान असते, हवेचे नव्हे. सोनेगावच्या विमानतळ परिसरातील पेटीत सावलीला बसलेला तापमापक यांपैकी काहीही मोजत नाही, आणि मोजूही नये, कारण एकाच रीतीने मोजल्याशिवाय नागपूरची तुलना चंद्रपूरशी किंवा २०२४ ची तुलना २०१३ शी करता येणार नाही. म्हणजे ‘खरे तापमान सांगत नाहीत’ असे म्हणणारा माणूस आपल्या अंगावरच्या उष्णतेविषयी बोलत असतो आणि हवामान विभाग हवेविषयी. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर असते, गोंधळ होतो तो दोघेही ‘तापमान’ हा एकच शब्द वापरतात म्हणून. मोबाईलवरचा आकडा या गोंधळात भर घालतो, कारण तो बहुधा त्या जागी मोजलेला नसून संगणकीय प्रतिमानातून काढलेला अंदाज असतो, आणि त्याखालचा ‘जाणवणारे तापमान’ हा दुसरा आकडा तर आर्द्रता वगैरे जमेस धरून केलेले गणित असते.

लोकांच्या रोजच्या जाणिवेत किती शास्त्र दडलेले असते, हे कूलरकडे पाहिले की पटते. नागपुरात वुडवूलची किंवा खसाची ताटी लावलेला कूलर मे महिन्यात ४४ अंशांतही खोली गार करतो, पण जूनच्या मध्यावर पारा ३८ पर्यंत उतरलेला असताना तोच कूलर नुसती चिकचिक करतो, हे येथील प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. पाण्याचे बाष्प होताना हवेतील उष्णता खर्ची पडते आणि हवा जितकी कोरडी तितके बाष्पीभवन जास्त, हे त्यामागचे कारण आहे. ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक ज्या अंशापर्यंत उतरतो त्याला ‘ओल्या फुग्याचे तापमान’ म्हणतात, आणि कूलर हवेला त्याहून खाली नेऊ शकत नाही. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना हे तापमान सुमारे २३ अंश भरते, तर ३८ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला ते २९ अंशांच्या जवळ जाते. मानवी शरीरही घामाच्या बाष्पीभवनानेच स्वतःला थंड ठेवत असल्यामुळे, पारा उतरला म्हणून धोका टळला असे समजणे चुकीचे ठरते. वृत्तपत्रे कमाल तापमानाचा आकडा पहिल्या पानावर छापतात आणि आर्द्रतेचा आतल्या पानावरच्या चौकटीत. घरातल्या कूलरला मात्र दोन्ही आकडे सारखेच कळतात.

नवतप्याविषयीचे लोकमतही असेच तपासून घेण्याजोगे आहे. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यापासूनचे पहिले नऊ दिवस, म्हणजे साधारण २५ मेपासूनचा काळ, सर्वांत तापदायक असतो ही समजूत विदर्भात पक्की आहे. नागपूरचे अक्षांश सुमारे २१.१ अंश उत्तर असल्यामुळे २६ मेच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. या शून्य सावलीच्या दिवसाशी नवतप्याची सुरुवात जुळते. निरीक्षणातून आलेले हे ज्ञान आदरास पात्र आहे. मात्र नक्षत्रे आणि ऋतू यांचे नाते कायमचे नाही. पृथ्वीच्या अक्षाची दिशा संथपणे फिरत असल्याने सूर्याचा रोहिणीप्रवेश सुमारे ७१ वर्षांत एक दिवस या गतीने ऋतूंच्या तुलनेत पुढे सरकतो, आणि काही शतकांनी आजचा हा मेळ राहणार नाही. ‘नवतपा तापला की पाऊस चांगला’ हे विधान तर याहून कमकुवत आहे, कारण मोसमी पाऊस समुद्राच्या तापमानावर आणि अनेक दूरच्या घटकांवर अवलंबून असतो, नागपूरच्या नऊ दिवसांवर नव्हे.

या साऱ्याचा शिक्षणाशी असलेला संबंध केवळ पाठ्यपुस्तकापुरता नाही. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रानंतर सुरू होतात. २०२५ मध्ये राज्यात शाळा १६ जूनला उघडल्या, तर विदर्भात २३ जूनला. मात्र त्याच वर्षी पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने २५ एप्रिलपर्यंत घेण्याचे ठरले, तेव्हा विदर्भातील शिक्षकांनी आणि पालकांनी त्याला विरोध केला, कारण एप्रिलच्या उत्तरार्धात येथे पारा सहज ४० च्या वर असतो. या वादात दोन्ही बाजूंनी सोनेगावच्या सावलीतील आकडाच पुढे केला जातो, परंतु मुले बसतात ती पत्र्याच्या छपराखाली किंवा वरच्या मजल्यावरच्या तापलेल्या स्लॅबखाली, आणि त्या वर्गांतील तापमानाची नियमित नोंद शाळा ठेवताना दिसत नाहीत. सक्करदऱ्यासारख्या दाट वस्तीतील शाळांनी प्रत्येक मजल्यावर एक साधा आणि एक ओल्या फुग्याचा तापमापक लावून विद्यार्थ्यांकडूनच सकाळी आठ, अकरा आणि दुपारी दोन वाजता नोंद करून घेतली, तर खर्च किरकोळ येईल, सातवी-आठवीच्या विज्ञानाचा एक पाठ प्रत्यक्ष शिकवला जाईल, आणि पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकाच्या वेळी शिक्षण विभागापुढे ठेवण्यासाठी वर्गातले आकडे हाती असतील, सोबत ते कोठे, किती उंचीवर आणि कोणत्या उपकरणाने मोजले याची नोंदवहीही.