चाकांवरचा काळ – लेखांक ६ : पत्रादेवीच्या अल्याड, पल्याड

जुन्या गाड्या पाहायच्या तर पेडणे तालुक्यातल्या धारगळसारखी जागा नाही. मुंबईकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ पत्रादेवीला गोव्यात शिरतो आणि धारगळवरून कोलवाळच्या पुलाकडे उतरतो. सुकेकुळणला मोपा विमानतळाचा रस्ता फुटतो. भाड्याच्या गाड्या, विमानतळाच्या टॅक्सी, सिंधुदुर्गातून म्हापशाला निघालेली वाहनं यांची दिवसभर रीघ असते. त्या रांगेत मधूनच एखादी साठ वर्षांची गाडी डाव्या कडेने संथपणे निघून जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ती ओळखायची कशी, हे आज पाहू.

त्याआधी थोडा इतिहास हवा, कारण गोव्यातल्या जुन्या गाड्या बांदा-सावंतवाडीतल्या जुन्या गाड्यांहून वेगळ्या आहेत. १९५३ नंतर भारत सरकारने परदेशी सुटे भाग आणून नुसत्या जोडायच्या धंद्याला लगाम घातला. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. मग सामान्य गिऱ्हाइकाला मोटार घ्यायची तर मुख्यतः तीनच घरं उरली : कोलकात्याजवळची हिंदुस्तान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली, कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स. पत्रादेवीच्या अल्याड मात्र पोर्तुगीज अंमल होता. डिचोलीसारख्या भागातलं लोहखनिज मुरगावातून जपानला जाऊ लागलं होतं, हातात पैसा खेळत होता. भारताने आर्थिक नाकेबंदी केल्यावर गोव्याचा माल समुद्रामार्गेच येई. त्या वाटेने मर्सिडीज, ओपेल, फोक्सवॅगन उतरल्या. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि आयातीचे भारतीय नियम इथेही लागू झाले. आलेल्या गाड्या मात्र इथेच राहिल्या. पुढे कित्येक वर्षं गोव्यात मर्सिडीज ही टॅक्सी होती. मुंबईत जी गाडी धनिकांच्या बंगल्यापुढे उभी राही, ती इथे माणसं आणि सामान भरून स्टँडवरून सुटे.

या टॅक्सींमध्ये मर्सिडीज १८० डी हे मॉडेल पहिल्यांदा शिकून घ्यावं. ते १९५४ ते १९६२ या काळातलं. अंग गोलसर, कुठे कंगोरा नाही. पुढे उभी क्रोमची जाळी आणि तिच्यावर तारा. डिझेल इंजिनाची ताकद जेमतेम ४० अश्वशक्तीच्या आसपास, म्हणून चढावर ती रखडे, पण इंजिन अतिशय चिवट. सुटे भाग मिळेनासे झाल्यावर देशभर अशा गाड्यांत मॅटाडोरची इंजिनं बसवली गेली. एखाद्या गाडीत तसं दिसलं तर नाक मुरडू नये. मेस्त्रीने ती खटपट केली नसती, तर ती गाडी केव्हाच भंगारात गेली असती.

फोक्सवॅगन बीटल मागच्या काचेवरून ओळखावी. काच मधोमध दुभंगलेली असेल तर गाडी मार्च १९५३ च्या आधीची. अंडाकृती अखंड काच १९५७ च्या मध्यापर्यंतची. त्यापुढे काच मोठी आणि चौकोनी होत गेली. एवढं एक लक्षात ठेवलं की दहा हातांवरून गाडीचा काळ सांगता येतो.

आता पल्याडच्या गाड्या. त्यांत माझी सर्वांत लाडकी ‘डुक्कर फियाट’. १९५४ ते १९६४ या दशकातल्या फियाट ११०० ला आपल्या लोकांनी दिलेलं हे नाव तिच्या फुगीर, पुढे आलेल्या तोंडावरून पडलं. पण तोंडापेक्षा तिची दारं पाहा. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही दारांच्या बिजागऱ्या मधल्या खांबावर असतात, त्यामुळे पुढच्या दाराची मूठ पुढल्या टोकाला येते आणि ते दार उलट्या दिशेने उघडतं. आत गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बुंध्याशी, आणि पुढे एकच सलग बाक. १९६४ ला आलेल्या ११०० डी पासून दारं सरळ झाली. तीच गाडी पुढे पद्मिनी म्हणून २००० सालाच्या सुमारापर्यंत चालली. म्हणजे बंद गाडीची नुसती मूठ बघूनही ती १९६४ च्या अलीकडची की पलीकडची, हे कळतं.

अॅम्बेसेडरचं तसं नाही, ती फार थोडी बदलली. तिच्या आधीची लँडमास्टर दुरून तशीच भासते. मात्र अॅम्बेसेडरच्या मागच्या मडगार्डवर लहानसे पंख उठलेले असतात. स्टँडर्ड हेराल्डचं अख्खं बॉनेट मडगार्डसकट पुढे कलतं.

नंबरप्लेटही वाचायला शिका. १९८९ पासून आजची ‘जीए’ ही पद्धत आली. त्याआधी गोवा, दमण, दीवच्या गाड्यांचा नंबर ‘जीडी’ने सुरू होई. जुन्या मुंबईचा ‘बीएम’, म्हैसूर राज्याचा ‘एमवाय’. ‘जीडी’ लिहिलेली पाटी दिसली की थांबावं. डाव्या बाजूला स्टिअरिंग दिसलं तर नक्कीच थांबावं, कारण पोर्तुगालने १९२८ मध्ये उजव्या बाजूने वाहनं चालवायला सुरुवात केली तरी गोवा शेजारच्या मुलखाप्रमाणे डावीकडूनच चालत राहिला.

अशा गाड्या एरवी झाकून ठेवलेल्या असतात. दसऱ्याला त्या धुऊन, झेंडूचे हार घालून अंगणात येतात. पेडण्याच्या पुनवेला आणि लग्नसराईतही डोळे उघडे ठेवावेत. फोटो काढण्याआधी मालकाला विचारावं. तो बहुधा बॉनेट उघडूनच दाखवतो.

कागदपत्रांबद्दल वाचक विचारतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकीला ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो. शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. पण हा नंबर घेतला की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढीच मुभा राहते. माझं मत स्पष्ट आहे : गाडी चालती असेल आणि घरच्यांना बाजाराला नेत असेल, तर पंधरा वर्षांनंतरचं नेहमीचं नूतनीकरण करत राहावं. ते २०२२ पासून महागलं आहे, तरीही. नुव्याच्या अश्वेक व्हिंटेज वर्ल्डसारख्या संग्रहांचं मोल मोठंच आहे. तिथे जतन झालेल्या गाड्या एरवी हरवल्या असत्या. पण धारगळच्या चढावर भाजीची पिशवी घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये चढणारी डुक्कर फियाट आपल्याला जे शिकवते, ते दोरीपलीकडे उभी असलेली गाडी शिकवू शकत नाही.

पुढील लेखांकात : डिचोलीच्या खाणींवरच्या जीप आणि टाटा-मर्सिडीज ट्रक.