पाण्यातला कस आणि टर्बाइन

‘धरणाच्या पाण्यावर वीज केली की त्यातला कस निघून जातो. मग ते पाणी पिकाला लागू पडत नाही.’ हे मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. पारावर, कृषी प्रदर्शनात, आणि आता मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत. शाळेची पायरी न चढलेल्या म्हाताऱ्याने हे म्हटलं तर समजू शकतो. त्याला वीज कशी होते हे कुणी नीट सांगितलेलंच नसतं. पण विज्ञानाचा पदवीधर हे बोलतो तेव्हा मात्र चीड येते. स्थितिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, हे त्याने नववीत पाठ केलेलं असतं. या तीन राशींत पाण्यात विरघळलेलं नत्र कुठे आहे? स्फुरद कुठे आहे?

कोयनेचंच पाहू. शिवसागर जलाशयातलं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिम कड्यापर्यंत येतं आणि दाबनळांतून सुमारे ४७५ मीटर खाली, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरतं. वर जलाशयात ते स्वस्थ असतं, पण उंचीवर असतं. ती त्याची स्थितिज ऊर्जा. खाली येताना तिची गतिज ऊर्जा होते. नोझलमधून सुटणारी धार ताशी ३०० किलोमीटरहून जास्त वेगाने पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळते. प्रत्येक वाटी मधोमध धारदार कण्याने दुभागलेली असते. धार त्या कण्यावर चिरते, दोन्ही बाजूंनी वळते आणि जवळजवळ उलट फिरून बाहेर पडते. या वळण्यात ती आपला वेग चाकाला देते आणि खालच्या कुंडात अगदी संथपणे पडते. चाक फिरतं, त्याच दांड्यावरचं जनित्र फिरतं, आणि वीज तयार होते ती जनित्रात. पाण्यात वीज नव्हतीच, तर ती काढून घेणार कुठून?

पाण्याने गमावली ती उंची आणि तिच्यातून आलेला वेग. ही ऊर्जा थेंबाच्या पोटात साठवलेली नसते. तो थेंब जमिनीपासून किती वर आहे यावर ती ठरते. हेच पाणी ओढ्या-धबधब्यांतून चिपळूणकडे गेलं असतं तरी खाली पोहोचेपर्यंत ती ऊर्जा संपलीच असती. खडकांवर आपटण्यात, भोवऱ्यांत, आवाजात आणि थोड्या उष्णतेत. शेतात पोहोचलेल्या पाण्याकडे ती कोणत्याही वाटेने उरत नाही.

ती उष्णता किती, याचाही हिशोब झालेला आहे. जेम्स जूल यांनी १८४५ साली असं गणित मांडलं की १६० फुटांवरून कोसळणारं नायगाराचं पाणी तळाशी फॅरनहाइटच्या जेमतेम एक पंचमांश अंशाने तापेल. पोफळीसाठी आकडे घाला. एक लिटर पाणी ४७५ मीटर उतरलं की सुमारे ४,६५० ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एक लिटर पाणी एका अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे ४,२०० ज्यूल लागतात. म्हणजे अख्ख्या घाटाची उतरण पाण्याला एका अंशाहून किंचित जास्त तापवू शकते, त्यापलीकडे काही नाही. विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल; गळती धरून पोफळीला त्यासाठी साधारण साडेआठशे लिटर पाणी उतरवावं लागतं.

गणितावर विश्वास नसेल तर शेतं पाहा. कोयनेच्या पायथा वीजगृहात २० मेगावॅटचे दोन संच आहेत. उन्हाळ्यात सिंचनासाठी त्यांतून २,१०० क्युसेक पाणी सुटल्याच्या बातम्या आपण वाचतो. ते टर्बाइनमधूनच आलेलं असतं, आणि कराडपासून सांगलीपर्यंतचा ऊस त्यावर उभा आहे. भिऱ्याचं वीजगृह १९२७ पासून चालू आहे. तिथून कुंडलिकेत सुटणाऱ्या पाण्यावर कोलाडला राफ्टिंग चालतं आणि डोलवहालच्या कालव्यांवर उन्हाळी भात पिकतो. उलट बाजूही तपासा. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांत वीज खर्चून पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवतात. ऊर्जा काढल्याने कस जात असेल तर ऊर्जा घातल्याने तो वाढायला हवा. टेंभूच्या पाण्याला कमी खत लागतं असं म्हणणारा शेतकरी मला भेटलेला नाही.

या समजाभोवती काही खऱ्या गोष्टी मात्र आहेत, आणि त्या नाकारून चालणार नाही. धरणात गाळ बसतो, त्यामुळे पुरासोबत शेतात येणारी सुपीक माती थांबते. इजिप्तमध्ये १९७० साली आस्वानचं मोठं धरण पूर्ण झाल्यावर नाईलकाठच्या शेतकऱ्यांना हे सोसावं लागलं. पण तो परिणाम पाणी अडवण्याचा आहे; तिथे एकही टर्बाइन नसतं तरी गाळ बसलाच असता. दुसरी गोष्ट, पोफळीचं अवजल वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं आणि कृष्णेच्या खोऱ्याला परत मिळत नाही. पश्चिमेला वळवायच्या या पाण्यावर कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. त्यावर जरूर भांडावं. ते भांडण पाण्याच्या वाट्याचं आहे, पाण्याच्या कसाचं नाही.

मला या गैरसमजाचा राग येतो तो त्याने होणाऱ्या नुकसानामुळे. कृष्णा-वारणा पट्ट्यात अति पाण्याने आणि निचऱ्याअभावी जमिनी क्षारपड झाल्या आहेत. उतारा घटला की दोष ‘वीज काढलेल्या’ पाण्याला दिला जातो, आणि माती परीक्षण, चर, पाण्याची मोजदाद मागे पडते. शंका असेल त्याने वीजगृहाच्या वरच्या आणि खालच्या पाण्याच्या दोन बाटल्या भरून एकाच दिवशी प्रयोगशाळेत द्याव्यात. सामू, क्षार, नत्र यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवावेत.

ऊर्जेबद्दलचे आणखी काही समज थोडक्यात. ‘थांबलेल्या वस्तूत ऊर्जा नसते’ म्हणणाऱ्याने घाटात उभ्या ट्रकच्या चाकामागचा दगड काढून पाहू नये. ‘वेग दुप्पट तर धोका दुप्पट’ हेही चूक: ताशी ४० वरून ८० वर गेलात की गतिज ऊर्जा चौपट होते आणि ब्रेक लागल्यानंतर गाडी थांबायला अंतरही सुमारे चौपट लागतं. नारळ आणि सुपारी एकाच उंचीवरून सोडली तर जवळजवळ एकदमच जमिनीवर येतात. नारळाचा दणका मोठा असतो तो वस्तुमानामुळे. घाटघरची २५० मेगावॅटची उदंचन योजना वीज ‘जन्माला घालत’ नाही. पाणी वर चढवायला ती जेवढी वीज घेते त्याहून कमी परत देते, पण गरजेच्या वेळी देते.

आणि गच्चीवरच्या टाकीच्या नळाला टर्बाइन बसवून घरभर फुकट वीज देणारे ते व्हिडिओ. हजार लिटरची भरलेली टाकी दहा मीटर उंचीवर असेल तर तिच्यात सुमारे ९८,००० ज्यूल असतात. एक ज्यूलही वाया गेला नाही असं धरलं तरी नऊ वॅटचा एक एलईडी दिवा तेवढ्यावर तीन तास चालेल. आणि ती टाकी भरताना पंपाने त्याहून जास्त वीज आधीच घेतलेली असते.