हौशी सायकलस्वाराचा सरंजाम

जसोंडीहून अशीरगडापर्यंत हौसेने सायकल हाकू पाहणाऱ्या तरुणास साधनसामग्री किती हवी? आमच्या मते, अगदी थोडी. 'तूर द फ्रान्स' ही शर्यत १९०३ साली सुरू झाली. साखळी सरकवून गिअर बदलण्याची मुभा अव्वल स्पर्धकांना मिळाली ती १९३७ साली. तत्पूर्वीही त्यांनी आल्प्सचे घाट ओलांडलेच होते!

पायडल तळाशी असता त्यावर टाच टेकवून पाय सरळ व्हावा, इतकी सीट उंच करावी. गुडघ्यांवरील ताण हलका होतो. यास खर्च काहीच नाही. सोबत पंप व पंक्चरचे साहित्य असावे. तंग पोशाख, खास बूट सवडीने घ्यावेत. काटकसर मात्र ब्रेक, हेल्मेट आणि मागचा तांबडा दिवा यांत करू नये. तिन्हीसांजेला मालमोटारींच्या रस्त्यावरून मुलगा सुखरूप घरी परततो, तो पोशाखामुळे नव्हे.