घुमटाखालची चित्रे

मुंबईत रीगल चित्रपटगृहासमोरच्या चौकात सुटीच्या दिवशी बाहेरगावच्या ज्या सहली उतरतात, त्यांतील बहुतेक मंडळी मुलांची बोटे धरून एकतर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या बागेकडे वळतात किंवा सरळ गेटवे ऑफ इंडियाची वाट धरतात. परंतु त्याच चौकाच्या तोंडाशी, वस्तुसंग्रहालयाच्या अगदी समोर जी दुसरी दगडी इमारत उभी आहे, तिच्या पायऱ्या चढणारे कुटुंब मात्र क्वचितच दृष्टीस पडते. हे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय होय. तेथे का जात नाही, असे कोणास विचारले तर एकच उत्तर येते: आम्हांला त्यातले काही समजत नाही. हे उत्तर देणारी माणसे प्रामाणिक असतात. पण त्या उत्तराने ती स्वतःच्या डोळ्यांवर अन्याय करतात असे मला वाटत आले आहे, आणि म्हणूनच या वास्तूविषयी व तीत मांडल्या जाणाऱ्या चित्रांविषयी चार शब्द लिहावेत अशी इच्छा आहे.

ही इमारत मुळात चित्रांसाठी बांधलेलीच नव्हती. १९११ साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून, जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार ती उभी राहिली. समोरचे वस्तुसंग्रहालय आणि पुढे अपोलो बंदरावर उभारलेले गेटवे ऑफ इंडिया हीदेखील त्याचीच निर्मिती. मुंबईकरांना सभा भरवायला, संगीत ऐकायला एक प्रशस्त जागा असावी, एवढाच तिचा मूळ उद्देश होता. येहुदी मेन्युहिनसारख्या थोर व्हायोलिनवादकाची मैफल तिने ऐकली, स्वातंत्र्यपूर्व काळातल्या राजकीय सभांची गर्दी पाहिली. पुढे शहरात वातानुकूलित नाट्यगृहे झाली, आणि या सभागृहाचे भाग्य उतरणीला लागले. मुष्टियुद्धाचे सामने, कामगार संघटनांच्या बैठका, लग्नसमारंभ, इतकेच नव्हे तर चामड्याच्या कपड्यांचे सेलदेखील येथे भरू लागले. अशा पडत्या काळात शिल्पकार पिलू पोचखानावाला, कलादालन चालविणारे केकू गांधी आणि त्यांचे सहकारी यांनी ही वास्तू कलेच्या स्वाधीन व्हावी म्हणून सरकारदरबारी पाठपुरावा केला. दिल्लीच्या जयपूर हाउसमध्ये १९५४ सालीच अशी राष्ट्रीय संस्था सुरू झालेली होती. तिची मुंबई शाखा येथे व्हावी असे ठरले. नूतनीकरणास तब्बल बारा वर्षे लागली, आणि १९९६च्या डिसेंबरात दरवाजे उघडले.

बाहेरचा दगडी डौल जसाच्या तसा राखून आतली रचना मात्र संपूर्ण नवी केलेली आहे. एका मोठ्या खोलीतून दुसऱ्या खोलीत जावे असा प्रकार येथे नाही. जिना चढत जावे, तसतशी अर्धगोलाकार दालने एकावर एक उलगडत जातात. खालच्या मजल्यावर ज्या चित्राला नाक लावून उभे होतो, तेच चित्र वरच्या कठड्यावरून वाकून पाहिले की निराळे भासते, आणि अखेरीस आपण घुमटाखाली येऊन पोहोचतो. जवळून एकदा आणि दुरून एकदा, अशी चित्र पाहण्याची जी रीत जाणकार सांगतात, ती ही वास्तू न सांगता शिकविते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. आधुनिक आणि समकालीन हे दोन शब्द आपण बोलण्यात एकमेकांच्या जागी वापरतो, पण कलेच्या व्यवहारात त्यांचे अर्थ वेगळे आहेत. ढोबळमानाने, विसाव्या शतकात ज्या चित्रकारांनी जुन्या शिस्तीशी फारकत घेतली त्यांची कला ती आधुनिक. आणि आपल्या हयातीत, आपल्याभोवतीच्या प्रश्नांना धरून जी निर्माण होत आहे ती समकालीन. या संग्रहालयात दोन्हींची प्रदर्शने होतात, आणि ती बदलत राहतात. त्यामुळे आज पाहिलेली भिंत पुढच्या खेपेस तशीच दिसेल असे समजू नये.

ही फारकत मुंबईत कशी झाली हा वृत्तांत मराठी वाचकाने आवर्जून जाणून घ्यावा असा आहे. १८५७ साली स्थापन झालेल्या सर जमशेटजी जीजीभाई (जे. जे.) कला विद्यालयात कित्येक पिढ्यांनी हुबेहूब रेखाटनाची कसून तालीम घेतली. पण १९४७ साली, देश स्वतंत्र होत असतानाच, सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप स्थापन केला. यांतले सूझा गोव्यातील साळगावचे, तर गाडे अमरावती जिल्ह्यातील तळेगावचे. हिटलरच्या छळाने युरोप सोडून मुंबईत आश्रयास आलेले वॉल्टर लँगहॅमर, रुडॉल्फ फॉन लायडन आणि एमॅन्युएल श्लेसिंगर या तिघांनी या तरुणांना आधार दिला, त्यांची चित्रे विकत घेतली, युरोपातील नव्या चित्रांची रंगीत मुद्रिते दाखविली आणि त्यांच्यावर लेखनही केले. यानंतर जे घडले ते युरोपची नक्कल नव्हती. आपल्या मंदिरांतील शिल्पे, लघुचित्रांतील धगधगते सपाट रंग आणि पश्चिमेकडून आलेले रचनेचे स्वातंत्र्य यांचा संयोग या मंडळींनी स्वतःच्या जबाबदारीवर घडवून आणला. तो नेहमीच साधला असे मी म्हणणार नाही. काही चित्रे आज उसनी वाटतात. पण जेथे साधला, तेथे तो अस्सल आहे.

या मंडळींच्या सहवासात वाढून पुढे सर्वांहून एकट्या वाटेने गेलेला चित्रकार म्हणजे वासुदेव गायतोंडे. जन्म १९२४चा, नागपूरचा, घराणे गोव्याचे, शिक्षण जे. जे.चे, १९४८ साली पदविका. पॉल क्लेची चित्रे आणि पुढे झेन विचार यांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला, आणि हळूहळू त्यांच्या चित्रांतून आकृती अजिबात नाहीशी झाली. रंगाचा एक थर द्यावा, रोलर किंवा पॅलेट नाइफने तो पसरावा, काही भाग पुसून उचलावा, वाळू द्यावा, त्यावर पुन्हा पातळ थर द्यावा, असा त्यांचा क्रम. आणि त्यासाठी ते इतका वेळ घेत की वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रेच पूर्ण होत. चित्राशेजारच्या चिठ्ठीवर आपण शीर्षक शोधू लागतो, तो तेथे ‘शीर्षकहीन’ असे लिहिलेले असते. पुष्कळ प्रेक्षक याच क्षणी नाउमेद होऊन पुढे सरकतात. प्रथम मीही सरकलो होतो.

पुढे एकदा, बाहेर पावसाची झड लागलेली असल्यामुळे केवळ, मी अशा एका चित्रासमोरच्या बाकावर पाऊण तास बसून राहिलो. प्रारंभी करड्या-हिरवट रंगाचा एक उभा पट्टा, एवढेच दिसत होते. मग त्या हिरव्याच्या खाली पिवळे काही तरी असल्याचे जाणवले. वरचा थर जेथे विरळ होता तेथून ते पाण्याखालच्या उजेडासारखे वर येत होते. मधोमध काही खुणा तरंगत होत्या. त्या अक्षरे नव्हत्या, पण अक्षरांसारख्या कोणी तरी काळजीने ठेवलेल्या होत्या. त्यांचा अर्थ काय, हा प्रश्न तोवर माझ्या मनातून केव्हाच गेला होता. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात रागाचे नावही ठाऊक नसलेला श्रोता मांडी घालून तासन्‌तास बसतो, आणि आलापीचा अर्थ काय असे तो कधी विचारीत नाही. स्वरापुढे आपण जी शालीनता सहज दाखवितो, ती रंगापुढे दाखविण्यास मात्र कचरतो. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने गायतोंडे यांचे भव्य प्रदर्शन भरविले, आणि आपल्याकडे अनेकांना त्यांचे नाव त्यानंतर कळले, ही गोष्ट मला खरोखर खंतावते.

ज्यांना आकृतीचा आधार हवा, त्यांनी प्रभाकर बरवे यांच्यापासून आरंभ करावा. १९३६ साली अलिबागजवळच्या नागाव येथे जन्मलेल्या बरव्यांच्या चित्रांत पान, घड्याळ, फळ, लखोटा, चावी असे रोजचे पदार्थ असतात. पण एकाची सावली दुसऱ्याच वस्तूच्या आकाराची पडते, किंवा पानाच्या शिरा पाहता पाहता नकाशा होतात. घरच्या दारे-खिडक्यांना लावतात तो एनॅमल रंग ते कॅनव्हासवर वापरीत, आणि त्यामुळे त्यांच्या चित्रांना एक गुळगुळीत, निःशब्द पृष्ठभाग आलेला आहे. शिवाय त्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक १९९० साली मराठीतच लिहिले. चित्र मनात कसे येते हे चित्रकाराच्याच तोंडून आपल्या भाषेत ऐकावयास मिळावे, असे भाग्य फार थोड्या भाषांना लाभते. २०१९ साली या घुमटाखालीच बरव्यांचे समग्र प्रदर्शन भरले होते.

उरला तो मांडणशिल्पांचा प्रश्न, कारण नवागताला सर्वाधिक बुचकळ्यात पाडतात ती हीच. भिंतीवर टांगलेले चित्र नाही, चौथऱ्यावरची मूर्ती नाही; खोलीभर वस्तू मांडलेल्या असतात आणि प्रेक्षकाने त्यांच्यामधून चालत जावयाचे असते. एक उदाहरण देतो. १९४६ साली कराचीत जन्मलेल्या व फाळणीने निर्वासित झालेल्या नलिनी मालानी यांनी, १९९८च्या अणुचाचण्यांनंतर, मंटोच्या ‘टोबा टेकसिंग’ या फाळणीवरील कथेचे स्मरण करीत जी कलाकृती केली, ती समोरच्याच वस्तुसंग्रहालयात मांडली गेली होती. जमिनीवर पत्र्याच्या ट्रंका ठेवलेल्या, त्यांच्या पोटात दूरदर्शन-संचांवर स्थलांतराची दृश्ये, आणि आमनेसामनेच्या दोन भिंतींवर दोन स्त्रिया: एक भारतातली, एक पाकिस्तानातली, दोघी मिळून एकच साडी घडी घालू पाहतात, आणि मधल्या अंतरामुळे ती घडी पडत नाही. पाहणारा त्या दोघींच्या मधोमध उभा असतो; तोच ती सरहद्द असतो. हे चौकटीतल्या चित्राने साधले नसते. ज्या घरात माळ्यावर अशी एखादी ट्रंक अजून पडून आहे, त्या घरातल्या माणसाला हे समजावून सांगण्यास कोणा समीक्षकाची गरज भासू नये.

एक तक्रार मात्र नोंदविली पाहिजे. महाराष्ट्राच्या राजधानीतील कलादालनांत, सरकारी असोत वा खाजगी, चित्राशेजारचा मजकूर पुष्कळदा केवळ इंग्रजीत असतो, आणि पुस्तिकाही त्याच भाषेत. ज्या भाषेत बरव्यांनी चित्रविचार लिहिला, तीत चार ओळींचे टिपण लिहिणे अशक्य नाही. संबंधित अधिकाऱ्यांनी मनावर घेतले तर एका हंगामात हे काम होईल. आणि अभ्यागतांच्या शेरेबुकात वाचकांनी ही मागणी मराठीतून लिहीत राहावे, ही माझी त्यांना विनंती आहे.

पहिल्या भेटीत सगळे पाहण्याचा हट्ट धरू नये. आधी दालनातून एक शांत फेरी मारावी, जे चित्र पुन्हा बोलावील त्याच्याकडे परत यावे, चिठ्ठी वाचण्यापूर्वी चित्र पाहावे, आणि मुले बरोबर असतील तर त्यांना काय दिसते ते आधी विचारावे. शिवाय, चौक ओलांडून वस्तुसंग्रहालयातील जहांगीर निकल्सन यांचा संग्रह अवश्य पाहावा. कापसाच्या व्यापारातील या गृहस्थाने तेहतीस वर्षांत जमविलेली सुमारे आठशे चित्रे-शिल्पे तेथे जतन केलेली असून त्यांतील निवडक कलाकृती आळीपाळीने मांडल्या जातात, आणि काळा घोड्याच्या जहांगीर कलादालनात तर १९५२ पासून आजतागायत कोणी ना कोणी नवा चित्रकार आपली चित्रे घेऊन उभा असतो. राष्ट्रीय संग्रहालयाचे तिकीट माफक आहे. ते सोमवारी बंद असते.